पाण्याचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. शिरगावला मच्छीमारांच्या पाड्यात हिराबाईचं घर आहे, त्या घराच्या पडवीत मी भिंतीला पाठ लावून उभा असतो. खाली लोखंडी फळी, तिच्यामागे छातीइतका उंच खांब, वर आडवी पितळी दांडी आणि त्या दांडीवर पुढेमागे सरकणारं एक वजन, एवढाच माझा देह. हल्ली दुकानांतून लाल आकडे दाखवणारे चपटे काटे असतात, ते माझे नातू लागतात. नातवांचं आजोबांशी जितपत पटतं, तितपत आमचं पटतं.

मित्रांनो, माझी हकिगत तुम्हाला सांगावी असं बरेच दिवस मनात होतं. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खोटं बोलायची मला सवय नाही आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नाही.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. लोखंड वितळवून माझी फळी ओतली, कानशीने घासून तिच्या कडा गुळगुळीत केल्या. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या दांडीवर छिन्नीने आकडे कोरले. शेवटी सरकारी माणूस आला, त्याने माझ्यावर प्रमाण वजनं ठेवून पाहिली आणि शिक्का मारला. पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा मी त्या दिवशी फुगलो होतो. मग मालगाडीने पालघर आणि तिथून टेम्पोने शिरगावच्या बंदरावर आलो. एका मासळी व्यापाऱ्याच्या शेडमध्ये माझी नेमणूक झाली.

काय दिवस होते ते. पहाटे होड्या लागायच्या आणि शेडमध्ये बायकांची झुंबड उडायची. डोक्यावर मासळीची पाटी, तोंडाचा पट्टा चालू, आणि प्रत्येकीला पहिला नंबर हवा. व्यापाऱ्याने कामाची एक सोपी रीत बसवली होती. भरलेल्या पाटीचं जे वजन असायला हवं, तिथे त्याने माझ्या दांडीवर रंगाची एक खूण करून ठेवली होती. सरकतं वजन त्या खुणेवर लावून ठेवायचं आणि पाटी फळीवर चढवायची. दांडी उठली की पाटी पास. दांडी पडून राहिली की पाटी परत, आणखी मासळी घालून आणा. आकडे वाचत बसायला तिथे कुणाला वेळ होता? सगळ्या पाड्याची नजर दांडीकडे लागलेली असायची. दांडी उठली की चेहरे उजळायचे आणि पडली की कपाळाला आठ्या. शिरगावच्या बायका लहानपणापासून एवढंच शिकल्या होत्या, की काट्याची दांडी उठणं म्हणजे चांगलं.

पण माणूस म्हटला की लबाडी आलीच. मासळीच्या धंद्यात एक लबाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाटी निथळू द्यायची नाही, पाण्यानिशी तशीच काट्यावर चढवायची. वजन भरतं आणि गिऱ्हाईक पापलेटच्या भावाने खारं पाणी घरी नेतं. मी काय करणार? पाणी काय नि पापलेट काय, मला दोन्ही सारखंच जड. मी दांडी उचलून मोकळा व्हायचो.

ही लबाडी ओळखण्यात हिराचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती, नवशा तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. व्यापाऱ्याने तिला माल पारखायला ठेवलं होतं. पाटी समोर आली की ती हातही लावायची नाही. नुसती नजर टाकायची आणि म्हणायची, हिच्यात पाणी आहे, उतरव, निथळू दे. बाई भांडायची, शिव्या घालायची, हिरा पदर खोचून उभी. अर्ध्या घटकेने पाटी परत चढली की दांडी उठायची नाही आणि भांडणारीचं तोंड आपोआप मिटायचं. बंदरावर म्हणायचे, काट्याला फसवता येईल, हिराला नाही. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला ती फार आवडायची. माझं अर्धं काम ती करायची.

पुढे माझे ते नातू आले. विजेवर चालणारे, हलके, भराभरा आकडे फेकणारे. व्यापाऱ्याने एका सकाळी मला ओढत शेडच्या मागे नेलं आणि फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर टाकून दिलं. किती पावसाळे तिथे काढले कोण जाणे. माझ्या फळीवर गंज चढला, खांबाला कोळ्यांनी जाळी विणली, एका कोंबडीने तर माझ्यावर अंडी उबवली. ज्याच्या शब्दावर सगळं बंदर चालायचं, त्याची ही गत. चालायचंच, गरज सरो नि वैद्य मरो.

हिरानेच मला तिथून सोडवलं. तिने स्वतःचा सुक्या बोंबलांचा धंदा सुरू केला होता आणि तिला भरवशाचा काटा हवा होता. नवशा आणि त्याचा मुलगा सुजीत मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. नवशाने रॉकेल लावून माझा गंज काढला, दांडी चिंचेने घासून लखलखीत केली. हाताचा राकट माणूस, पण त्याचं बोट माझ्या दांडीवर फिरायचं तेव्हा असं वाटायचं की तो आजारी लेकराचं कपाळ चाचपतो आहे. माझी म्हातारपणाची चांगली वर्षं त्या पडवीत गेली. हिरा बोंबील तोलायची आणि बोईसरच्या बाजारात जाऊन विकायची. सुजीत बोईसरच्याच एका कंपनीत पाळीवर जायचा. सून हेमाली घर सांभाळायची. नवशा समुद्रावर असायचा किंवा समुद्राबद्दल बोलत असायचा, तिसरं काही त्याला ठाऊक नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात तो होडीवरच छाती धरून खाली बसला.

पालघरला दवाखान्यात नेलं, बरेच दिवस ठेवलं. परत आला तो निम्मा होऊन. खांद्याची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले. पाड्यातली माणसं बघायला यायची आणि अंगणाबाहेर गेल्यावर तोंडाला पदर लावायची. हिरा मात्र कुणापुढे रडली नाही. तिचं एकच मागणं होतं, हा माणूस पुन्हा भरला पाहिजे. तिने त्याला पेज करून घातली, नाचणी घातली, देवाला नारळ बोलली. जेवून ताट बाजूला सारलं की ती त्याच्या मनगटाभोवती आपली बोटं लावून बघायची, थोडं तरी मांस आलं का म्हणून.

त्या दवाखान्यात प्रियदर्शिनी नावाची एक सिस्टर होती. हृदयाच्या रुग्णांना आजार समजावून सांगणं, काय खावं, कसं राहावं, गोळ्या का चुकवू नयेत हे शिकवणं, एवढंच तिचं काम. दर आठवड्याला दवाखान्यात ती असा वर्ग घ्यायची. नवशाला तिने सांगितलं होतं की बायकोला घेऊन या. पण वर्गाचा वार आणि बोईसरच्या बाजाराचा वार एकच पडला. हिरा म्हणाली, ऐकून तू ये, मला येऊन सांग. नवशा एकटा जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि सगळ्याला मान डोलवून यायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर सिस्टर स्वतः घरी आली. हिरा बाजाराला गेली होती, हेमाली माहेरी होती. पडवीत नवशा आणि मी, दोघेच. रोज वजन करता का, असं तिने विचारलं तेव्हा नवशाने मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. ती हसली. मला वाटलं, आता नाक मुरडणार. पण ती स्वतः फळीवर उभी राहिली, दवाखान्याच्या काट्यावरचं आपलं वजन माझ्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, काटा बरोबर आहे, चालेल. किती वर्षांनी कुणी माझी परीक्षा घेतली होती.

मग तिने नवशाला फळीवर उभं केलं, वजन पाहिलं आणि त्याच्या दोन किलो पुढे माझ्या दांडीवर नखं रंगवायच्या लाल रंगाने एक रेघ ओढली.

"काका, होडीत पाणी शिरतं तेव्हा तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"पंपानं उपसतो. दुसरं काय."

"आणि पंपच दमला तर?"

सिस्टरने त्याच्या छातीवर हात ठेवला. हा तुमचा पंप आहे, ती म्हणाली, आणि तो दमला आहे. तो दमला की पाणी अंगात साचतं. आधी पायाला सूज येते, मग आडवं झालं की धाप लागते, उशीवर उशी घ्यावी लागते. पण हे सगळं दिसायच्या आधी काटा सांगतो. दोनचार दिवसांत वजन वाढून या लाल रेघेला लागलं, तर ते मांस नव्हे, पाणी आहे. त्या दिवशी घरी थांबायचं नाही, पालघरला यायचं. औषध बदललं की पाणी उतरतं, माणूस वाचतो. मीठ कमी, आणि खारवलेली मासळी तर बंदच, कारण तीही मीठच. पाणी मोजून प्यायचं. लघवीची गोळी चुकवायची नाही.

"म्हंजे न निथळलेली पाटी," नवशा म्हणाला.

"अगदी तसंच. हिराबाईंना हे सांगाल ना?"

"तिला काय सांगायचं? पान्याचं वजन तिच्याएवढं कुनाला कलतं? सांगतो."

मित्रांनो, त्याने सांगितलं नाही. निम्मं सांगितलं. मीठ कमी टाक, गोळी वेळेवर दे, सकाळी मला काट्यावर उभं कर. लाल रेघेचं तो बोललाच नाही. का, ते त्या वेळी मला कळलं नव्हतं. कदाचित तेव्हा कारणही काही नसेल. माणसं भीतीची गोष्ट उद्यावर ढकलतात, तशी त्याने ढकलली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराने त्याला फळीवर उभं केलं आणि तिची नजर रेघेवर गेली. तिने विचारायच्या आधीच अर्थ लावून टाकला. बंदरावर आयुष्य गेलेली बाई ती. दांडीवरची खूण म्हणजे जिथपर्यंत पाटी भरायची ती खूण, याखेरीज तिला दुसरा अर्थ माहीतच नव्हता. "बायनं कुठवर भरायचं ते लिवून ठेवलंय वाटतं," असं ती आनंदाने म्हणाली. तिने सरकतं वजन लाल रेघेवर नेऊन ठेवलं आणि दांडीकडे बघत उभी राहिली. दांडी पडूनच राहिली. "आज नाय तर उद्या उठंल," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. नवशा फळीवरून उतरला. त्याने तिला हाक मारली नाही. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं, मला वाटतं त्याला ते गमतीचंच वाटलं असावं.

त्यानंतर रोज सकाळी हाच नेम झाला. वजन रेघेवर, नवशा फळीवर, हिराची नजर दांडीवर. देवापुढे कौल लावून बसतात तशी ती वाट बघायची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात आणि ताजी मासळी दिसत नाही. अशा वेळी सगळा पाडा सुक्या आणि खारवलेल्या मासळीवर जगतो. हिराने नवशाच्या कालवणातलं मीठ पहिल्या दिवसापासून बंद केलं होतं, अगदी हाताला लागलेलं मीठसुद्धा ती धुऊन टाकायची. पण बरणीतला खारा मासा म्हणजे मासा, मीठ नव्हे, असंच तिच्या मनात. अळणी पेजेने नवशाच्या तोंडाची चव गेली होती. तिने एक दिवस खाऱ्या घोळीचा तुकडा भाजून त्याच्या पेजेत ठेवला आणि तो पेज चाटूनपुसून जेवला. मग रोजच ठेवू लागली. इतक्या महिन्यांनी त्याला भूक लागली होती. तो जेवायचा आणि ती समोर बसून त्याला बघायची. तिला खाऱ्या मासळीचं ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

आणि श्रावणातल्या एका सकाळी माझी दांडी उठली.

हळूच उठली, रेघेवरच्या वजनाला उचलून वर टेकली. मला माझ्या फळीवर सगळं कळत होतं. जे पाय उन्हाळ्यात वाळक्या लाकडासारखे पडायचे, ते आता मऊ, फुगलेले पडत होते, टाचेची कड फळीला लागत नव्हती. हे मांस नव्हतं. आयुष्यभर मी पाणी आणि मासळी सारखीच तोलली, पण माणूस रोज तोलला की काट्यालाही फरक कळतो. मी दांडी उचलण्याखेरीज काय करू शकत होतो? माझ्यापाशी दुसरा शब्द नाही. मी खरं तेच सांगितलं, आणि माझं खरं ऐकून ते घर हसलं.

हिराने आधी दांडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ती हसली. उन्हाळ्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिने हेमालीला हाक मारली, शेजारच्या सोमीला हाक मारली, सगळ्यांना दांडी दाखवली. सोमी म्हणाली, तोंडावर पण तेज आलंय गं. तेज कसलं, सूज होती ती. हिराने देवापुढे दिवा लावला आणि बोललेला नारळ काढून ठेवला. नवशा फळीवर उभाच होता. त्याने तोंड उघडलं, मी पाहिलं. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

दुपारी पडवीत कुणी नसताना तो माझ्या खांबाला धरून उभा राहिला. धाप लागली होती. माझ्याशी बोलला की स्वतःशी, देव जाणे.

"नारल पडू दे दर्यात. मंग सांगतो तिला."

आता मला कळलं. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. बापाच्या आजारपणामुळे होडी बसून राहू नये म्हणून सुजीतने कंपनीतून रजा काढली होती, त्या वर्षी होडी तो नेणार होता. नवशाच्या बापाची होडी, नवशाची होडी आणि आता सुजीतची. आज पालघर गाठलं असतं तर सुजीत दवाखान्याच्या बाकावर बसला असता आणि होडी वाळूत. आणि त्याहून मोठं म्हणजे हिराचं हसू. ते मोडायचं त्याच्याने होईना. दोनच दिवस, असं त्याने स्वतःला समजावलं. मित्रांनो, दर्यात वादळाचा अंदाज घेऊन होडी फिरवणारा शहाणा माणूस तो, पण घरातल्या माणसाच्या हसण्यापुढे त्याचं शहाणपण टिकलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी त्याचे पाय चपलेत गेले नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण समुद्राच्या पूजेला सगळेच अनवाणी जातात. वाजतगाजत मंडळी किनाऱ्यावर गेली. सोनेरी कागद लावलेला नारळ नवशानेच पाण्यात सोडला, असं पुढे हेमालीने सांगितलं. सुजीतने होडी लोटली, वल्ह्याला हात लावून बापाकडे पाहिलं आणि बापाने हात वर केला. होडी नजरेआड होईपर्यंत तो हात खाली आला नव्हता.

तो सगळ्यांच्या आधी घरी परतला. अंगणात पोचेपर्यंत त्याचा श्वास घरघरत होता. आडवं होणं शक्य नव्हतं. तो माझ्या फळीवर बसला आणि पाठ खांबाला टेकली. सरकतं वजन रेघेवरच होतं, सकाळी हिराने लावलेलं. दांडी आपोआप उठली. थोड्या वेळाने हिरा नारळीभाताची वाटी घेऊन आली. तिची नजर सवयीने आधी दांडीकडे गेली आणि ती हसली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

वाटी तिथेच पडली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, चौघांनी त्याला उचलून बसवलं. माझ्या फळीवरून त्याचं वजन निघालं आणि दांडी खाली आपटली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पालघर फार लांब नाही, पण त्या दिवशी पुरेसं जवळही नव्हतं. संध्याकाळी त्याला परत आणलं. सुजीत पहिली मासळी घेऊन किनाऱ्याला लागला, तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

मला नवशाची फार आठवण येते. लोखंडाला आठवण येते यावर तुमचा विश्वास बसो न बसो.

तेरावं झाल्यावर प्रियदर्शिनी सिस्टर आली. वर्गाला काका का आले नाहीत म्हणून चौकशीला आली होती, अंगणात आल्यावर तिला कळलं. हिरा तिच्यापाशी बसली. मग तिने माझ्या दांडीकडे बोट केलं.

"बाय, तुमी रेघ काढली तितवर तो भरला होता. पुऱ्या रेघेवर आलता. मंग तो गेला कसा?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिला सगळं एका क्षणात समजलं असावं. ती खोटं बोलू शकली असती, मावशी, देवाची मर्जी म्हणून हात जोडून निघून जाऊ शकली असती. मी मनातून तशी प्रार्थनाही करत होतो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी खोटं बोलावं असं मागत होतो. पण हिरा टक लावून बघत होती. शेवटी सिस्टरने तिचे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात सांगितलं की ती रेघ भरण्यासाठी नव्हती, धावत दवाखाना गाठण्यासाठी होती. आणि ते वजन पाण्याचं होतं; अशा वेळी उशीवर उशी लागते, सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. मी तुम्हालाच गाठून सांगायला हवं होतं, असंही ती म्हणाली.

हिरा रडली नाही. तिने दांडीवरच्या लाल रेघेवरून अंगठा फिरवला.

"साऱ्या बंदरात कुनाच्या पाटीत पानी हाय ते मी नजरेनं वलखते," ती म्हणाली. "माज्या घोवाच्या अंगातलं पानी मना नाय दिसलं. मी हसत व्हते."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला तिला सांगायचं होतं की बाई, त्याला ठाऊक होतं, आणि तू हसत होतीस म्हणूनच तो गप्प राहिला. मग वाटलं, बरं झालं मला तोंड नाही. हे खरं तिला पेलवलं नसतं.

सिस्टरने तिला वर्गात येऊन चार बायकांना सांगायची गळ घातली. हिराने मान हलवली, आपल्याला लोकांसमोर तोंड दाखवायचं नाही म्हणाली. बाजारही सोडला. बोंबलांचा धंदा हेमाली बघू लागली. मी पडवीत आणि हिरा उंबऱ्यात, असे आम्ही दोघे दिवसचे दिवस अंगणाकडे बघत बसायचो.

दिवाळीनंतर एका सकाळी सोमी कौतुक करत आली. तिचा नवरा रामकिसनही हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात राहून आला होता. सोमी म्हणाली, आमचा माणूस आता मस्त भरलाय गं, चेहरा कसा गोल झालाय, दोन उशा घेऊन राजासारखा झोपतो. हिरा ऐकत होती. एकाएकी ती उठली. पदर डोक्यावर नव्हता, पायात काही नव्हतं, तशीच ती सोमीच्या घरात शिरली. हे पुढचं मला सोमीच्या तोंडून कळलं. हिराने रामकिसनला विचारलं नाही, सांगितलं नाही. खाली बसली, त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. सोमी घाबरून म्हणाली, सुजलेत होय, मला वाटलं वय झालं. हिराने रिक्षा बोलवायला लावली आणि स्वतः त्याच्याबरोबर पालघरला बसून गेली. प्रियदर्शिनी सिस्टरने त्याला भरती करून घेतलं. अंगातलं पाणी उतरलं आणि आठवड्याभरात रामकिसन आपल्या पायांनी घरी आला.

तो आला त्या दिवशी सोमी पेढे घेऊन हिराच्या पाया पडायला आली. हिराने तिला उठवलं, पेढा घेतला, घरी पाठवलं. मग ती पडवीत आली. इतक्या वर्षांत ती कधी माझ्या फळीवर बसली नव्हती, त्या दिवशी बसली. खांबाला डोकं टेकलं आणि रडली. पौर्णिमेपासून साठलेलं सगळं रडली. "तेचे पाय तरी बघायचे व्हते मी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात हृदयाचं दुखणं असलेलं माणूस असेल तर त्याला रोज सकाळी काट्यावर उभं करा, पण दांडीकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघा. वजन एकदम वाढलं तर हसू नका, दवाखाना गाठा. डॉक्टर किंवा सिस्टर काही समजावून सांगत असतील तर ते एकट्याने ऐकू नका, घरातल्या माणसाला शेजारी बसवून ऐका. आणि जे कळलं ते सणासुदीची वाट न बघता त्याच दिवशी सांगून टाका. आम्ही काटे फक्त आकडा सांगतो. त्याचा अर्थ एकमेकांना सांगणं हे तुमचं काम आहे, ते आमच्याने होत नाही.

हिरा अजूनही रोज सकाळी माझ्या फळीवर येऊन बसते. दर खेपेला ती आदल्या दिवसापेक्षा थोडी हलकी लागते. सुजीत होडीवर असतो, हेमाली बाजारात. बाई झिजते आहे, हे मी दांडी खाली टाकून सांगत असतो. दांडीकडे बघायला मात्र पडवीत कुणी नसतं.